माझं गाणं चालू होतं

बुलढाण्याच्या एका मैदानाच्या कडेला आमचं स्केटिंग रिंक आहे. भोवती लोखंडी कठडा, एका बाजूला चार पायऱ्या आणि मध्ये गुळगुळीत कोबा. फिगर स्केटिंग म्हटलं की लोकांना टीव्हीवरचा बर्फ आठवतो. आम्ही त्याच उड्या, त्याच गिरक्या, गाण्यावर बसवलेला तसाच कार्यक्रम या कोब्यावर करायचो, चार चाकांच्या बुटांवर. मी नवव्या वर्षी सुरुवात केली. ज्या सकाळबद्दल सांगायचं आहे तेव्हा मी पंधरा वर्षांची होते.

पावणेसात ते आठ, एवढाच वेळ आमचा. आमच्याआधी शर्यतीचं स्केटिंग करणारे असत आणि आठच्या ठोक्याला एका शाळेचा वर्ग येऊन पायऱ्यांवर बसे. त्या सव्वा तासातली पहिली दहा-पंधरा मिनिटं साफसफाईत जायची. बुलढाण्याची थंडी काही साधी नाही. कोब्यावर दव साचायचं, ते गोणपाटानं पुसायचं, मग झाडू मारायचा, कारण हरभऱ्याएवढा खडा चाकाखाली आला तरी माणूस तोंडावर पडतो. उरलेल्या तासात आम्ही पाच मुली. प्रत्येकीचं गाणं दोनदा वाजणार. एकीचं गाणं चालू असताना बाकीच्यांनी नुसतं उभं राहायचं ठरवलं असतं तर कुणाचाच सराव झाला नसता. म्हणून सगळ्या एकाच वेळी रिंकवर असायचो, आणि म्हणून नियम होते.

नियम मॅडमचे. त्या एका शाळेत पीटी शिकवायच्या आणि स्वतः लहानपणी नागपुरात स्केटिंग शिकल्या होत्या. जिचं गाणं चालू तिनं कमरेला लाल ओढणी बांधायची. लाल ओढणी दिसली की बाकीच्यांनी तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं. पडलं तर पहिलं काम बोटं मुठीत घ्यायची, म्हणजे कुणाचं चाक त्यावरून जाणार नाही, आणि लगेच उठायचं. रिंकच्या मधोमध गप्पा मारायच्या नाहीत. आणि ओढणीवालीसाठीही एक नियम होता, जो मॅडम दर महिन्याला तरी एकदा सांगत. समोर कुणी पाठमोरी दिसली तर हाक मारायची, "बाजू!" ओढणी बांधली म्हणून डोळे बांधले असं समजू नका, असं त्या म्हणत.

देऊळघाट या जवळच्या गावची एक मुलगी आमच्यात सगळ्यात शेवटी आली. तिच्या घरची शेती होती, दोन-तीन म्हशी होत्या. तिचा काका रोज सकाळी मोटरसायकलवर दुधाचे कॅन घेऊन बुलढाण्याला यायचा, आणि ती त्याच्या मागे, दोन कॅनच्या मध्ये पाय आखडून बसून यायची. काकाची दूध घालायची घरं झाली की तो तिला परत न्यायचा. मॅडमनी तिला शाळांच्या खेळांत धावताना पाहिलं होतं आणि स्वतःचे जुने बूट दिले होते. मी सहा वर्षांत जे शिकले ते ती दोन वर्षांत शिकली. दीड फेऱ्याची उडी माझ्याकडून अजून धड होत नव्हती तेव्हा ती तिनं दिवाळीनंतर एका सकाळी मारली आणि सरळ उभी राहिली. पायऱ्यांवर बसलेल्या आयाबायांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्यानंतर मला एक गोष्ट दिसू लागली. आमची गाणी चालू असताना मॅडम इकडेतिकडे फिरत, कुणाचे बूट बघत, फोनवर बोलत. तिचं गाणं लागलं की कठड्याला दोन्ही हात टेकून उभ्या राहत. राज्य स्पर्धेसाठी आमच्या वयोगटातून जिल्ह्याची एकच मुलगी जाणार होती. निवड जानेवारीच्या शेवटच्या रविवारी होती. माझ्या वडिलांनी, ते सरकारी कचेरीत कारकून होते, सोबत जायचं म्हणून रजेचा अर्जही टाकून ठेवला होता. मीच जाणार हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नसे, इतकं ते ठरलेलं होतं.

निवडीच्या आधी तीन आठवडे असतील. मंगळवार होता. दव पुसायची पाळी माझी होती, हात गारठले होते. पहिलं गाणं माझं होतं. मी ओढणी बांधली, मॅडमनी मोबाईलवरून गाणं लावलं आणि त्या एका लहान मुलीच्या बुटाची नाडी बघायला पायऱ्यांकडे वळल्या.

गाणं अर्धं झालं असेल. मी लांबच्या कोपऱ्याचं वळण घेऊन सरळ निघाले होते, वेग चांगला होता. समोर ती होती. उडीच्या आधी उलटं जावं लागतं, तशी ती माझ्याकडे पाठ करून उलटी येत होती. मान वळवून तिनं दुसऱ्या खांद्यावरून मागे बघितलं होतं, त्या बाजूनं मी नव्हतेच. मी तिला पाहिलं. हे मला नीट आठवतं. तिचा निळा स्वेटर, वेणीला गुंडाळलेला काळा रबर. हाक मारायला वेळ होता. वळायलाही होता. मी तोंड उघडलंसुद्धा होतं.

आणि मग माझ्या मनात आलं की तिनं सरकायचं आहे. ओढणी माझ्याकडे आहे.

तिला लागावं असं मला वाटलं नव्हतं. हे मी कितीदा तरी स्वतःशी तपासून पाहिलंय. मला वाटलं होतं की शेवटच्या क्षणी ती दचकेल, अडखळेल, आणि मॅडम सगळ्यांसमोर तिला रागावतील. तिच्यावर ओरडताना मला मॅडमना एकदा ऐकायचं होतं. एवढ्यासाठी मी तोंड मिटलं.

माझा खांदा तिच्या पाठीत बसला. मी गुडघ्यावर पडले आणि घसरत कठड्यापर्यंत गेले. ती डाव्या हातावर पडली. मी मान वर केली तेव्हा तिचा हात मनगटाच्या वर असा वाकला होता की तो तिचा वाटेना. ती रडत नव्हती. तिनं उजव्या हाताची बोटं मुठीत घेतली होती, नियमाप्रमाणे, आणि उठायचा प्रयत्न करत होती. गाणं बंद करायचं कुणाला सुचलं नाही. ते शेवटपर्यंत वाजलं.

मॅडम धावत आल्या. एका मुलीची आई आणि मॅडम तिला ऑटोत घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. जाताना ती मॅडमना एवढंच सांगत होती की काका येईल, त्याले सांगजा, तो रिंकवर थांबून राहीन.

पायऱ्यांवर लगेच बोलणं सुरू झालं. एका मुलीचे वडील म्हणाले की लाल ओढणी हिच्याकडे होती, हिची काही चूक नाही. दुसऱ्या एका बाई म्हणाल्या की गावाकडून येणाऱ्या पोरींना या गोष्टी कळायला वेळ लागतो. माझा गुडघा फुटला होता. कुणीतरी त्यावर पाणी ओतलं, कुणी रुमाल बांधला. मला वाटत होतं, कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही. घरी आईनं विचारलं, तुझी चूक नव्हती ना? मी म्हणाले, माझं गाणं चालू होतं. वडिलांनाही तेच सांगितलं. वडिलांनी कचेरीत तेच सांगितलं. हे वाक्य खरं होतं, आणि त्यापुढे कुणी काही विचारत नसे.

मनगटाच्या वरची दोन्ही हाडं मोडली होती. सहा आठवडे प्लास्टर.

दुसऱ्या दिवशी मॅडम नेहमीसारख्या आल्या. त्यांनी मला झाडू मारताना गाठलं आणि हळू आवाजात विचारलं, "तू तिले पाह्यलं होतं?"

"नाही," मी म्हणाले.

त्या "बरं" म्हणाल्या आणि दुसरा झाडू घेऊन पलीकडची बाजू झाडायला लागल्या.

त्या दिवसापासून त्यांनी ओढणीचा नियम बंद केला. एका वेळी रिंकवर एकच मुलगी, बाकीच्या कठड्याबाहेर. त्यामुळे आमच्या वाट्याला रोज दहा-बारा मिनिटं आली. निवड तोंडावर, आणि थंडीत अंग गरम होईपर्यंत पाळी संपायची. मुली चिडल्या, त्यांच्या आया चिडल्या. आणि त्या सगळ्या चिडल्या देऊळघाटच्या मुलीवर. तिनं बघितलं नाही म्हणून आमच्या पोरींचा सराव बुडाला, असं पायऱ्यांवर उघड बोललं जाऊ लागलं. मी शेजारीच बसून बुटांच्या नाड्या बांधत असायचे. एकदा मॅडम हे ऐकून थांबल्या. त्यांनी बोलणाऱ्या बाईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

निवडीत मी पहिली आले. येणारच होते.

राज्य स्पर्धा दुसऱ्या शहरात होती. मोठं रिंक, वर छत, लाकडासारखी गुळगुळीत जमीन. स्पर्धेआधी सहा-सहा मुलींना एकत्र सरावाला सोडत. मी आत गेले आणि दुसऱ्याच मिनिटाला एक मुलगी पाठमोरी उलटी माझ्या दिशेनं आली. मी ओरडले, "बाजू!" ती कितीतरी लांब होती. तिनं चमकून पाहिलं. मग दुसरी दिसली, मी पुन्हा ओरडले. तिथे कुणाला ही हाक माहीत नव्हती, प्रत्येक ठिकाणची हाक वेगळी. माझा आवाज चिरकू लागला. एक पंच जवळ येऊन म्हणाल्या की बेटा, शांत हो, सगळ्यांना जागा आहे. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि सरावाची बाकीची मिनिटं तशीच घालवली. स्पर्धेत दोनदा पडले. वडील परतीच्या बसमध्ये म्हणाले की पहिल्यांदा एवढ्या मोठ्या ठिकाणी गेलीस, होतं असं. त्यांनी खिडकीची जागा मला दिली आणि बुलढाण्यापर्यंत माझी बॅग मांडीवर घेऊन बसले. ते इतके चांगले वागत होते की मला त्यांच्याकडे बघवेना.

मार्चमध्ये ती परत आली. हात बारीक झाला होता आणि तळवा पूर्ण वर वळत नव्हता. पहिल्या दिवशी मुली तिच्याशी तुटक वागल्या. तिला कारण कळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ती मॅडमकडे गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की ओढणीचा नियम परत सुरू करा, माह्यापायी कोणाचा टाइम जायाले नको. मॅडम म्हणाल्या, तुले भेव नाही वाटत? ती म्हणाली, नाही वाटत.

नियम परत सुरू झाला. इतरांची गाणी लागली की ती रिंकवरच राहायची, वाट सोडायची, कडेकडेनं आपली उडी करायची. माझं गाणं लागलं की ती कठड्याचं दार उघडून बाहेर जायची आणि पायरीवर बसायची. गाणं संपलं की उठायची. काही बोलायची नाही, रागानं बघायची नाही. गाणं तीन मिनिटांचं, दोन वेळा, म्हणजे तिच्या सरावातली रोजची सहा मिनिटं ती सोडून देत होती, आणि मी मधोमध गिरक्या घेत होते. बाकीच्यांच्या हे लक्षात आलं असेल की नाही मला माहीत नाही. मॅडमच्या आलं होतं.

असे तीन आठवडे गेले. मी रात्रंदिवस रडत होते वगैरे काही नाही. मी शाळेत जात होते, जेवत होते. फक्त सकाळी माझं गाणं सुरू झालं की दाराची कडी वाजायची, आणि त्यानंतर मला पहिली उडी जमायची नाही.

एप्रिलच्या एका रविवारी मी आईला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं आणि देऊळघाटच्या बसमध्ये बसले. तिचं घर विचारत विचारत सापडलं. अंगणात बाजेवर धोतर अंथरून तिची आई कुरड्या घालत होती आणि ती शेजारी बसून चिकाचं पातेलं धरत होती. मला पाहून तिची आई उठायला लागली, ये वं माय, बस म्हणाली. रिंकवरची मैत्रीण आली याचा तिला आनंद झाला होता. मी उभीच राहिले. बसले असते तर सांगता आलं नसतं.

मी म्हणाले, "त्या दिवशी मी तुले पाह्यलं होतं. मी हाक नाही मारली."

तिच्या आईला काही कळलं नाही. तिनं हसून विचारलं, "कायची हाक?"

मग मुलीनंच आईला समजावून सांगितलं. अगदी शांतपणे, शाळेतला धडा समजवावा तसं. लाल ओढणी कुणाकडे असते, ती आली की बाकीच्यांनी कसं सरकायचं, पण कुणी पाठमोरी असली तर ओढणीवालीनं बाजू म्हणून ओरडायचं असतं. आईचा हात सोऱ्यावर थांबला होता. अर्धी कुरडई तशीच धोतरावर लोंबत होती.

"म्हणजे हिनं हाक मारली असती त तुहा हात वाचला असता?" आईनं विचारलं.

"हाव," ती म्हणाली.

तिची आई माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती मला नव्यानं बघत होती, डोक्यापासून चपलांपर्यंत. मग तिनं सोऱ्या दाबून ती कुरडई पुरी केली आणि मुलीला म्हणाली, "पाणी दे तिले. उन्हाची आली." मला बस असं ती पुन्हा म्हणाली नाही.

मुलगी मला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. थांब्यावर बाभळीच्या सावलीत उभ्या राहिलो तेव्हा तिनं विचारलं, "काऊन नाही मारली?"

मी खरं सांगितलं. म्हणाले की मॅडम तुझ्यावर ओरडाव्यात असं वाटत होतं.

"मले वाटे तू पाह्यलंच नाही," ती म्हणाली. "मी बाहेर जाऊन बसतो त तुह्या रागानं नाही. तुहं गाणं लागलं का माह्या हाताले घाम सुटते, बस." मग म्हणाली, "आता त मी येणारच नाही तुह्या गाण्यात. मॅडमले सांग तू. पोरी मले बोलून राह्यल्या."

बस आली. मी चढले. तिनं हात केला नाही, पण बस निघेपर्यंत थांबली.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी रिंकवर गेले आणि मॅडमना सांगितलं. त्या कठड्याचं दार उघडत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. "लय दिवस लावले तू," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं त्या मला काढून टाकतील. त्यांनी काढलं नाही. साफसफाई झाल्यावर सगळ्या मुलींना आणि पायऱ्यांवरच्या माणसांना थांबवलं आणि मला म्हणाल्या की आता यांना सांग. वडील मला सोडायला आले होते, तेही तिथेच होते. मी सांगितलं. किती वाक्यांत सांगितलं आठवत नाही. आवाज इतका लहान येत होता की मागच्या पायरीवरून कुणीतरी काय म्हणाली म्हणून विचारलं आणि मला पुन्हा सांगावं लागलं. देऊळघाटची ती आपले बूट चढवत होती. तिनं मान वर केली नाही.

त्या सकाळी माझं गाणं लागलं तेव्हा चौघीही मुली कठड्याबाहेर गेल्या. मी एकटी रिंकवर होते. मॅडमनी गाणं बंद केलं नाही, म्हणून मी पूर्ण केलं.

घरी जाताना वडील गाडी हळू चालवत होते. घराच्या कोपऱ्यावर थांबवून म्हणाले, "मी दहा लोकांना सांगितलं होतं, माझ्या पोरीची चूक नाही म्हणून." मी म्हणाले, मला माहीत आहे. नंतर कळलं की पुढच्या काही दिवसांत त्यांनी त्यातल्या बऱ्याच जणांना आपणहून खरं काय ते सांगितलं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आईनं सांगितलं.

पुढच्या वर्षी राज्य स्पर्धेला ती गेली. पाचवी आली. हात बाजूला पसरून तळवे वर करायचे असतात तिथे तिचा डावा तळवा अर्धाच वळायचा. परीक्षकांनी त्याचे गुण कापले असं मॅडम म्हणाल्या. मी त्याआधीच स्केटिंग सोडलं होतं. दहावी आहे म्हणून सोडते असं सगळ्यांना सांगितलं, आणि त्यावरही कुणी पुढे काही विचारलं नाही. ती बारावीनंतर अकोल्याला नर्सिंगला गेली आणि तिथेच एका दवाखान्यात लागली. मी बुलढाण्यातच शाळेत शिकवते. मॅडम रिटायर झाल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. शनिवार-रविवारी मी रिंकवर लहान मुलींना शिकवते. त्यांनी मलाच का बोलावलं हे मी त्यांना विचारलेलं नाही.

गेल्या दिवाळीत ती मला एसटी स्टँडवर दिसली. गावी निघाली होती, हातात पिशव्या होत्या. मी जवळ गेले. ती मोकळेपणानं बोलली. मॅडमची तब्येत विचारली, रिंकवर आता किती मुली आहेत, दव अजून गोणपाटानंच पुसता का, असं विचारलं. मी तिची एक पिशवी घेतली, तिनं ती देताना उजवा हात पुढे केला. मी तिच्या हाताबद्दल विचारायचं ठरवलं होतं, कित्येक वर्षं ठरवलं होतं. तेवढ्यात तिची बस लागली.

चढताना ती वळून म्हणाली, "येजो कधी घरी. माय इचारते तुले."

काय विचारते, हे मी विचारलं नाही. देऊळघाटला जायला बसनं अर्धा तासही लागत नाही. मी अजून गेलेले नाही.